चव्वेचाळीस इंच

मराठी माणूस निवृत्त झाला की त्याला कुठलं तरी फाटक लागतं. पुण्यात असला तर तो सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि कुणाची गाडी कुणाच्या जागेत लागली आहे हे बघत फाटकाशी उभा राहतो. गावाकडे असला तर देवस्थानचा विश्वस्त होतो आणि गाभाऱ्यात कुणी कुठवर यायचं ते ठरवतो. फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ घर घेऊन बसलेल्या निवृत्त इंजिनियरची मात्र पंचाईत होते. वसाहतीचं फाटक रिमोटवर उघडतं, त्याला माणूस लागत नाही. मराठी मंडळाचं अध्यक्षपद पुढची सहा वर्षं आधीच वाटून झालेलं असतं. मग हा माणूस एके दिवशी डिस्नेच्या दारात जाऊन उभा राहतो, आणि महिन्याभराने पाहावं तर दाराच्या आतल्या बाजूला असतो.

असे दोन-तीन काका तिथल्या कुठल्याही गणेशोत्सवात भेटतील. मी सांगतोय ते एव्हरेस्टवर असतात.

मूळचे साताऱ्याचे. व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल करून १९७४ साली खिशात सरकारने मंजूर केलेले आठ डॉलर घेऊन न्यू जर्सीला उतरले आणि पंप बनवणाऱ्या एकाच कंपनीत शेवटपर्यंत राहिले. पंप हा त्यांचा श्वास. माणसांचेही ते दोनच प्रकार करतात: गळणारी आणि न गळणारी. निवृत्तीनंतर फ्लोरिडात आले ते बर्फ उपसायचा कंटाळा आला म्हणून, असं ते सगळ्यांना सांगतात. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, हे आवाज खाली आणून फक्त मराठी माणसांना सांगतात.

पहिले सहा महिने काका घरी होते. त्या काळाबद्दल काकू फारसं बोलत नाहीत, पण फ्रिजच्या बाजूला अजून एक तक्ता चिकटवलेला आहे: कुकरच्या शिट्ट्या, दोन शिट्ट्यांमधलं अंतर सेकंदांत, आणि शेवटच्या रकान्यात ‘शेरा’. तूरडाळीपुढे ‘वाफ वाया’ असा शेरा आहे. काकूंनी लावलेला डिशवॉशर ते पुन्हा उपसून लावायचे, कारण पाण्याचा फवारा कुठल्या कोनातून येतो याचा घरात कुणी विचारच केलेला नव्हता. मसाल्याच्या बरण्यांवर तारखा आल्या. गोडा मसाला ‘मुदतबाह्य’ ठरला, त्या रात्री काकूंनी लॅपटॉप उघडला आणि डिस्नेच्या संकेतस्थळावर अर्धवेळ नोकरीचा अर्ज भरला. काकांच्या नावाने. ‘आपल्याला लोकांमध्ये काम करायला आवडतं का?’ या प्रश्नापुढे त्यांनी ‘अतिशय’ असं लिहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात कागदावर खोटं लिहिण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

मुलाखतीला काका टाय लावून, पंपांच्या चार पानी कर्तृत्वासह गेले. समोर नातीच्या वयाची मुलगी. तिने ती चार पानं हसतमुखाने बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘तुम्हाला कशामुळे हसू येतं?’ असा प्रश्न काकांना सासरच्यांनीही कधी विचारला नव्हता. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ‘शून्य गळती.’ त्यांना घेतलं. का घेतलं हे काकांना कळतं, काकूंना नाही.

आता डिस्नेविषयी थोडं सांगायला हवं, कारण हे काम म्हणजे वाटतं तशी चौकीदारी नव्हे. १ ऑक्टोबर १९७१ला उघडलेलं हे प्रकरण सुमारे पंचवीस हजार एकरांवर पसरलेलं आहे. त्यात चार थीम पार्क, आणि कामाला सत्तर हजारांहून अधिक माणसं. पण त्यांतला एकही नोकर नाही. सगळे कास्ट मेंबर, म्हणजे नटसंचातले. येणारा तो गिऱ्हाईक नव्हे, गेस्ट. गणवेश नाही, कॉस्च्युम. गेस्ट दिसतो तिथे ऑनस्टेज, दिसत नाही तिथे बॅकस्टेज. न्यू जर्सीच्या मंडळात काकांनी तीस वर्षं गणपतीतल्या नाटकांत कामं केली, पण दिग्दर्शकाने त्यांना कधी रामा गड्याच्या वर चढू दिलं नाही. उमेदीत नाकारलेली रंगभूमी सत्तरीत तासाच्या हिशोबाने पैसे देऊन बोलावते आहे, हे त्यांना भारीच पटलं. पैसे फार नाहीत. २०२३च्या युनियन करारानंतर सुरुवातीचा किमान दर तासाला अठरा डॉलरवर आला, एवढंच. पण स्वतःला बागेत फुकट प्रवेश आणि ठरावीक दिवशी घरच्यांनाही.

प्रशिक्षणात त्यांना तीन गोष्टी जड गेल्या. पहिली, बोट. दिशा दाखवायची ती एका बोटाने नाही, दोन बोटांनी किंवा उघड्या पंजाने. एक बोट रोखणं अनेक देशांत असभ्य समजतात. काकांनी आयुष्यभर एकच बोट वापरलं होतं, तेही मुख्यतः माणसांकडे. दुसरी, मुलाशी बोलताना त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यायचं. गुडघ्यांनी सहकार्य नाकारलं, तेव्हा काकांनी उलट मार्ग काढला: ते मुलालाच पायरीवर उभं करतात. तिसरी गोष्ट म्हणजे एक प्रश्न. डिस्नेत गेस्ट विचारतात म्हणे, ‘तीन वाजताची परेड किती वाजता?’ काकांनी वर्गात हात वर करून उत्तर दिलं, ‘तीन वाजता.’ सगळे हसले. अपेक्षित उत्तर असं, की आपण उभे आहात तिथे ती सव्वातीनच्या सुमाराला पोचेल आणि त्या झाडाखाली सावली चांगली आहे. काका त्या दिवशी घरी गप्प होते. बेचाळीस वर्षं काकू ‘तुम्ही आठला जेवणार ना, म्हणजे किती वाजता?’ असं विचारत होत्या आणि ते ‘आठ वाजता’ म्हणत होते.

मिशीचं मात्र निभावलं. २००० सालापर्यंत इथे पुरुष कर्मचाऱ्यांना मिशी ठेवायला बंदी होती. खुद्द वॉल्ट डिस्नेला मिशी, आणि त्याच्या बागेत मिशीला मज्जाव! काकांची मिशी व्हीजेटीआयपासूनची. ‘नव्याण्णवला निवृत्त झालो असतो तर घरीच बसलो असतो,’ असं ते म्हणतात, आणि काकू मनोमन त्या नियम बदलणाऱ्याला आशीर्वाद देतात.

त्यांची नेमणूक झाली अ‍ॅनिमल किंगडममध्ये. १९९८च्या वसुंधरा दिनी, म्हणजे २२ एप्रिलला उघडलेली ही बाग. तिच्या आशिया विभागात आनंदपूर नावाचं एक काल्पनिक राज्य वसवलेलं आहे. मुख्य रचनाकार जो रोडी यांनी नेपाळपर्यंत फिरून, बघून ते बेतलं. भिंतींचे पोपडे निघालेले, तारांची गुंतवळ, दुकानांवर हाताने रंगवलेल्या पाट्या, उन्हात विटलेल्या पताका, कोपऱ्यात टेकवलेली गंजकी सायकल. सगळं मुद्दाम केलेलं. काकांना पहिल्या दिवशी भडभडून आलं. आपण जे सोडून आलो ते अमेरिकन माणसाने कोट्यवधी खर्चून नव्याने गंजवून ठेवलंय! मग त्यांनी तिथल्या एका नळाकडे पाहिलं आणि गळत नाही अशी खात्री करून घेतली.

त्यांचं काम ‘एक्सपिडिशन एव्हरेस्ट’च्या रांगेच्या तोंडाशी. २००६ साली सुरू झालेली ही झुकझुक गाडी डोंगरात शिरते, पुढे रूळ उखडलेले दिसतात, मग अंधारातून उलटी धावते आणि ऐंशी फूट खाली कोसळते. डोंगराची उंची दोनशे फुटांना किंचित कमी. दोनशे झाली असती तर विमानांसाठी शिखरावर लाल दिवा लावावा लागला असता, आणि हिमालयावर लाल दिवा शोभत नाही. ही माहिती काका प्रत्येक गेस्टला देतात. कुणी ‘एव्हरेस्ट छान दिसतंय’ म्हणालं की ते नम्रपणे थांबवतात: ‘हा एव्हरेस्ट नाही. हा निषिद्ध पर्वत. एव्हरेस्ट ते मागे, उजवीकडे, बारकं.’ खरंच तसंच आहे. दूरचं वाटावं म्हणून ते लहान केलंय. पण गेस्टच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे भाव येतात, त्यांची कल्पना जो रोडींनी केली नसावी.

छातीवर नावाची पट्टी. इथे सगळे एकेरी नावाने, आडनाव नाही, ही वॉल्टचीच पद्धत. खाली गावाचं नाव. काकांना एडिसन, न्यू जर्सी सुचवण्यात आलं होतं. त्यांनी सातारा लिहवून घेतलं. आता अंगावर हिमालयी वळणाची बंडी आणि पट्टीवर सातारा बघून ओहायोची माणसं विचारतात, ‘तुमच्या घरातून एव्हरेस्ट दिसतो का?’ काका म्हणतात, ‘आमच्याकडून अजिंक्यतारा दिसतो.’ तो किती उंच, असं अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर उत्तर तयार आहे.

आणि त्यांच्या हातात उंची मोजायची पट्टी. या गाडीला किमान उंची चव्वेचाळीस इंच. बेचाळीस नाही, पावणेचव्वेचाळीस नाही. हा आकडा काकांच्या हातात आला आणि त्यांचं आयुष्य मार्गी लागलं. कंपनीत वर्षानुवर्षं त्यांनी नियम सांगितले आणि वरच्यांनी ते डावलले. इथे डावलणारा कुणी नाही. टाचा उचलणारी मुलं त्यांना लांबून ओळखू येतात. केसांचा बुचडा मोजमापात धरत नाहीत. बुटात कागदाची घडी घालणारे वडीलही त्यांनी पकडले आहेत. एका गृहस्थांनी, आपल्या मालकीची विमानं आहेत असं सांगून पाहिलं. काका हसून, दोन बोटांनी बाहेरची दिशा दाखवत म्हणाले, ‘मग त्यात उंचीची अट नसेल.’

हो, काका हसतात! सगळ्यांत अचंब्याची गोष्ट हीच. काकूंनी एकदा लांबून झाडाआडून पाहिलं. सहा तास हसत होते. काकू त्या संध्याकाळी म्हणाल्या, ‘तिथे तासाला अठरा डॉलर घेता. मी वीस देते.’ काका कुकरच्या तक्त्याकडे बघत राहिले.

पण खरी कहाणी यतीची आहे. डोंगराच्या पोटात सुमारे पंचवीस फुटी यती आहे, हालचाल करणारा, गाडीकडे हात झेपावणारा. म्हणजे होता. उद्घाटनानंतर काही महिन्यांतच तो हलायचा थांबला. तेव्हापासून त्याच्यावर लखलखता दिवा उघडझाप करतो आणि त्या झगमगाटात तो हलल्याचा भास होतो. बागेचे चाहते त्याला ‘डिस्को यती’ म्हणतात. रोडींनीही एकदा जाहीरपणे तो दुरुस्त करू असं म्हटलं होतं. ते स्वतः निवृत्त झाले, यती तसाच. आता ज्याच्या नोकरीचा पाया ‘शून्य गळती’ त्या माणसाच्या डोक्यावर हायड्रॉलिक्सचा एवढा मोठा नमुना जाम होऊन बसलाय! काकांनी अहवाल लिहिला. अकरा पानं, आकृत्या स्वतःच्या हाताने, परिशिष्टात तेलाच्या दाबाचा हिशोब. आपल्या वरिष्ठेला नेऊन दिला. वरिष्ठ म्हणजे तेवीस वर्षांची, दोन वेण्या घालणारी मुलगी. तिने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि म्हणाली, ‘हे किती जादुई आहे!’ पुढच्या आठवड्यात काकांना उत्तम सेवेबद्दल एक कौतुकाचं कार्ड मिळालं. दुसरी आवृत्ती त्यांनी चौदा पानांची केली. पुन्हा कार्ड. ती कार्डं आता फ्रिजवर आहेत, कुकरच्या तक्त्याच्या वर. नातवाने काढलेलं चित्र खाली सरकलं आहे.

मंडळात काकांबद्दल दोन मतं आहेत. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत ‘एवढा शिकलेला माणूस, आणि फाटकावर उभा?’ असं मत असतं. कुणी काय करता विचारलं की काका सांगतात, ‘हिमालयात असतो.’ डिसेंबर उजाडला की भारतातून पाहुणे येतात आणि मत बदलतं. ‘काका, तुमच्याकडे ते पास असतात ना?’ काका शांतपणे सांगतात की नाताळच्या गर्दीच्या दिवसांत ते पास चालत नाहीत. हे वाक्य बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते चव्वेचाळीस इंचांच्या तोडीचं असतं.

एका दिवाळीच्या सुट्टीत मुंबईकडचा टूर ग्रुप आला. त्यात आजी, मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू. नातू त्रेचाळीस. वडिलांनी पट्टीवर ‘सातारा’ वाचलं आणि लगेच मराठी सुरू केलं.

‘काका, आपल्याच गावचे की! जरा अ‍ॅडजस्ट करा ना.’

‘कुठले तुम्ही?’

‘कराडचे.’

‘मग समजून घ्याल,’ काका म्हणाले. ‘चव्वेचाळीस.’

सून आणि मुलगा आलटून-पालटून बसायला निघाले. तशी सोय आहे, एकाने नातवाजवळ थांबायचं, मग दुसऱ्याने. पण आजी म्हणाल्या, दोघंही जा, मी आहे. आणि त्या काकांच्या शेजारच्या कठड्यावर पिशवी ठेवून बसल्या. थोडा वेळ त्यांनी काकांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘भाऊ, वय काय तुमचं?’

‘एक्काहत्तर पूर्ण.’

‘मुलंबाळं?’

‘मुलगी आहे. बॉस्टनला डॉक्टर.’

‘आणि तरी हे?’ आजींनी बंडीकडे बोट केलं. एकच. ‘लग्नातल्या बँडवाल्याचे कपडे घालून उन्हात?’

‘हौस म्हणून करतो हो.’

‘असंच म्हणायचं असतं,’ आजी म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. ‘जावई बघत नाही वाटतं.’

काकांनी पेन्शन सांगितली, घर सांगितलं, घरामागचं तळं सांगितलं. तळ्यात मगर आहे म्हटल्यावर आजींचा उरलासुरला धीर सुटला. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, बेसनाचे दोन लाडू काकांच्या हातात ठेवले आणि वर वीस डॉलरची नोट. काका म्हणाले, टीप घेता येत नाही, नियम आहे. ऑनस्टेज खाताही येत नाही. आजी म्हणाल्या, ‘कोण तो नियमवाला? दाखवा मला.’ नाइलाजाने काकांनी दोन बोटांनी आपल्या वरिष्ठेकडे निर्देश केला.

आजी तिच्यापुढे गेल्या. ‘काय गं, वयाचा काही मान आहे की नाही? बापाच्या बापाला उन्हात उभं करतेस? तुझ्या आजोबांना केलं असतंस का?’ असं बरंच काही, सगळं मराठीत, सगळं मोठ्याने. त्या मुलीने मान तिरकी करून अतिशय प्रेमाने सगळं ऐकून घेतलं आणि उघड्या पंजाने सौम्यपणे स्वच्छतागृहाची दिशा दाखवली.

नोट परत गेली. लाडू काकांनी बॅकस्टेजला खाल्ले. ‘बेसन कमी भाजलं होतं’, एवढंच त्यांनी घरी सांगितलं. बाकीचं मला काकूंकडून कळलं, कारण संध्याकाळी काकांनी बॉस्टनला फोन लावून जावयाला विनाकारण ‘तुमचं बरं चाललंय ना?’ असं दोनदा विचारलं.

पुढच्या एप्रिलमध्ये बॉस्टनची मंडळी आली. नातू साडेत्रेचाळीस. विमानतळावरून घरी येईपर्यंत तो यतीबद्दल बोलत होता. काकांच्या पाळीचा दिवस, काकांचीच रांग. मुलगी म्हणाली, ‘बाबा, अर्धा इंच!’ काका म्हणाले, ‘मी इथे बाबा नाही,’ आणि छातीवरच्या पट्टीला हात लावला. नातू ताठ झाला, पुन्हा मान ताणली, श्वास भरून घेतला. काकांनी तिन्ही वेळा तितक्याच काळजीने मोजलं आणि तिन्ही वेळा साडेत्रेचाळीसच भरलं. मुलगी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. काकूंनी त्या दोन दिवसांत वरण मुद्दाम पाच शिट्ट्यांचं केलं.

वर्षभराने नातू पंचेचाळीस झाला. आजोबा शेजारी बसणार असतील तरच बसेन, अशी त्याने अट घातली आणि इथे एक गोष्ट उघडकीला आली. काका त्या गाडीत एकदाही बसले नव्हते. प्रवेशापाशी एक फलक आहे, मान आणि पाठीचा त्रास असणाऱ्यांनी बसू नये असा. काकांना स्पाँडिलायटिस. तो फलक ते रोज लोकांना वाचून दाखवतात, तेव्हा स्वतः मोडणं शक्यच नव्हतं. यतीवरची चौदा पानं त्यांनी चित्रफिती बघून लिहिलेली! मग डॉक्टरांकडे तपासणी, डॉक्टरांचं पत्र, आणि सुट्टीच्या दिवशी साधा सदरा घालून काका गेस्ट म्हणून रांगेत लागले. पट्टीपाशी उभ्या असलेल्या नव्या मुलाने नातवाला नुसतं बघून आत सोडलं. काकांनी त्याला थांबवलं आणि मोजायला लावलं.

गाडी डोंगरात शिरली, रुळांपाशी थांबली, उलटी सुटली. काकूंना खाली उभ्या उभ्या काकांचा आवाज ओळखू आला. बाहेर आल्यावर नातू नाचत होता. ‘आबा, तो हलला! त्याने हात केला! तुम्ही पाहिलंत ना?’

काका रुमालाने मानेचा घाम पुसत होते. चौदा पानं त्यांच्या डोळ्यांसमोर असावीत. तो हलत नाही, हे त्यांच्याइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

‘अहो, सांगा ना,’ काकू म्हणाल्या. ‘हलला का?’

‘त्या क्षणी,’ काका म्हणाले, ‘माझे डोळे मिटलेले होते.’ आणि थोड्या वेळाने, इंजिनियरच्या आवाजात: ‘निरीक्षण अपुरं आहे. पुन्हा बसायला हवं.’

ते आणि नातू पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. तिथे पाटीवर ‘प्रतीक्षा पन्नास मिनिटं’ असं होतं. काकांनी घड्याळ लावलं.